शर्करेची ‘लिपी’ : एका शास्त्रीय रूपकाची चिकित्सा

जीवरसायनाच्या आधुनिक वाङ्मयात भाषेचे रूपक इतके रुळले आहे की, ते रूपक आहे याचे भान वाचकाला तर नाहीच, परंतु लेखकालाही क्वचितच राहते. डीएनएची ‘अक्षरे’, जनुकांचे ‘वाचन’, प्रथिनांत होणारे त्यांचे ‘भाषांतर’ हे प्रयोग आता शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले आहेत. याच मालिकेतील पुढचा प्रयोग म्हणजे ‘शर्करासंकेत’. हान्स-योआखिम गाबियस यांनी २००९ साली संपादित केलेल्या ग्रंथाला तर हेच शीर्षक दिलेले आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळ्या ही जीवसृष्टीची तिसरी वर्णमाला होय, आणि या साखळ्यांना नेमके ओळखून चिकटणारी लेक्टिन नावाची प्रथिने हे तिचे वाचक होत, अशी ही मांडणी आहे. लेक्टिन हा शब्द विल्यम बॉइड यांनी १९५४ साली ज्या लॅटिन धातूवरून घडविला, त्याचा अर्थ ‘वेचणे, निवडणे’ असा आहे. त्याच धातूचा ‘वाचणे’ असाही अर्थ आहे. बॉइड यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. पुढच्या पिढीने दुसरा घेतला.

एखाद्या शास्त्राने आपल्या शास्त्रातून उपमान उसने घेतले, तर ते कोणत्या स्थितीत नेले आणि कसे वापरले याची विचारपूस करण्याचा अधिकार मूळ धन्याला असतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्षांविषयी त्याने वाद घालणे शोभणार नाही, आणि तसा हेतूही नाही. प्रश्न एवढाच आहे की, या मांडणीत ‘भाषा’ म्हणून जे गृहीत धरले आहे ते भाषेचे खरे लक्षण आहे काय. आणि ते नसल्यास त्यामुळे काय दिसेनासे होते. चर्चेसाठी ग्लायकोस्फिंगोलिपिड हा वर्ग मुद्दाम निवडला आहे. सेरामाइड नावाच्या स्निग्ध घटकाला एक किंवा अनेक शर्करा जोडल्या गेल्या की हे रेणू तयार होतात. स्निग्ध बुंधा पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात रुतलेला आणि शर्करांचा शेंडा बाहेर डोकावणारा, अशी त्यांची ठेवण असते. मेंदूत ते विपुल आहेत. परंतु तांबड्या रक्तपेशी, मूत्रपिंड, आतडे यांतही ते आढळतात.

रूपकाच्या समर्थनार्थ बहुधा प्रथम एक हिशेब पुढे केला जातो. न्यूक्लिओटाइडांच्या चार अक्षरांपासून सहा अक्षरी शब्द ४,०९६ होतात. वीस अमिनो अम्लांपासून सहा घटकांच्या साखळ्या ६ कोटी ४० लक्ष होतात. परंतु रॉजर लेन यांनी १९९४ साली केलेल्या गणनेप्रमाणे सहा शर्करांपासून संभवणाऱ्या रचनांची संख्या एक लक्ष कोटींहून अधिक भरते. शर्करा एकमेकींना अनेक स्थानी, दोन प्रकारच्या कोनांत जोडता येतात आणि साखळीला फाटेही फुटू शकतात, हे याचे कारण. म्हणून शर्करेची ‘माहिती-धारणक्षमता’ सर्वांत मोठी, असा निष्कर्ष काढला जातो.

भाषाशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही या निष्कर्षावर हरकत घेईल. कोणत्याही भाषेत संभाव्य ध्वनिसमूह आणि प्रत्यक्ष ध्वनिसमूह यांत महदंतर असते. ‘ण’ आणि ‘ळ’ हे मराठीचे नित्याचे वर्ण; परंतु मराठी शब्दाचा आरंभ त्यांनी होत नाही. भाषेचे सामर्थ्य ती काय उच्चारू शकली असती यात नसून, तिने काय निवडले आणि काय वर्ज्य केले यात असते. ग्लायकोस्फिंगोलिपिडांकडे पाहिले तर हेच दिसते. पृष्ठवंशीयांच्या शरीरात यांची घडण मोजक्या शर्करांपासून होते आणि बहुतेक साखळ्या ग्लोबो, गँग्लिओ, लॅक्टो, निओलॅक्टो अशा थोड्या कुळांत बसतात. एक लक्ष कोटींच्या हिशेबातून भाषेविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते बेरीज-गुणाकाराचे वैभव. याउलट ही निवडीची कुळे का झाली, हा प्रश्न अधिक भाषाशास्त्रीय आहे, आणि तो त्या मानाने कमी विचारला जातो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. डीएनएचा मजकूर एका साच्यावरून उतरविला जातो. शर्करासाखळीला असा साचा नाही. गॉल्जी यंत्रणेत एकामागून एक एंझाइमे येतात, आधीच्या एंझाइमाने जे केले असेल त्यावर आपली एक शर्करा बसवितात, आणि दोन एंझाइमे एकाच जागेसाठी झगडत असली तर जिचे बळ त्या पेशीत अधिक, तिचे काम होते. म्हणजे येथे लेखक नाही आणि मूळ प्रतही नाही. याला ‘लिपी’ म्हणण्यापेक्षा बोलीतील उच्चारपरिवर्तनाची उपमा देणे अधिक योग्य ठरले असते. पण शास्त्रज्ञांना भाषा म्हटली की लेखनच आठवते, बोलणे आठवत नाही.

सोस्यूरने सांगितलेले चिन्हाचे यादृच्छिकत्व येथे कितपत लागू पडते, याचाही विचार केला पाहिजे. लेक्टिन आणि शर्करा यांचा संबंध आकाराच्या जुळणीचा असतो. रूढीने ठरलेला नसतो. या कारणास्तव रूपक सपशेल फेटाळणारे टीकाकार आहेत. त्यांच्याशी मात्र मी पूर्णपणे सहमत नाही. झाक मोनो यांनी १९७० साली दाखवून दिले त्याप्रमाणे, एखादा रेणू प्रथिनाला चिकटणे आणि त्यामुळे पेशीत पुढे जे घडते ते, या दोहोंत रासायनिक अनिवार्यता नसते. शर्करा आणि वाचक यांच्यातला दुवा आकाराने बांधलेला असेल. पण ‘वाचना’नंतरचा परिणाम उत्क्रांतीच्या इतिहासाने ठरविलेला असतो. रूपकाला खरा आधार आहे तो येथे. नेमका तोच त्याचे पुरस्कर्ते वापरीत नाहीत, ही गमतीची गोष्ट आहे.

आता नावांकडे वळू. शास्त्रातील नाव ही एक उपपत्तीच असते, आणि या क्षेत्रातील नामकरणाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे. लंडनमध्ये वैद्यकी करणारे जर्मन रसायनज्ञ टुडिखम यांनी १८८४ साली मेंदूच्या रासायनिक घटनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका घटकाला त्यांनी ‘स्फिंगोसिन’ हे नाव दिले. त्याने संशोधकापुढे घातलेल्या कोड्यांची आठवण म्हणून ग्रीक पुराणातील प्रश्न घालणाऱ्या स्फिंक्सचे नाव त्याला मिळाले. अज्ञानाची इतकी प्रामाणिक नोंद रसायनाच्या परिभाषेत दुसरी आढळणे कठीण. एर्न्स्ट क्लेंक यांनी १९४२ साली ‘गँग्लिओसाइड’ हे नाव चेतापेशींच्या गुच्छावरून दिले, तेव्हा मात्र पदार्थाला एक गाव चिकटले. मेंदूबाहेरही तो आढळतो हे पुढे कळले, तरी ‘चेतांचा पदार्थ’ ही समजूत नावामुळे टिकून राहिली. १९८०च्या दशकात गाईच्या मेंदूतून काढलेली गँग्लिओसाइडे काही युरोपीय देशांत चेताविकारांवर टोचण्यात येत असत. ज्या पदार्थाने चेता घडते तोच दिला असता चेता सुधारेल, हा तर्क त्यामागे होता. टोचल्यानंतर काही रुग्णांना चेतांचा तीव्र पक्षाघात झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि तो वापर ओसरला. हे सारे केवळ नावामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नावाचा त्यात काहीच वाटा नव्हता असेही म्हणवत नाही.

लार्स स्वेनरहोल्म यांनी १९६३ साली गँग्लिओसाइडांना जी संक्षिप्त नावे दिली ती आजही चालतात : जीएम-१, जीएम-२, जीएम-३, जीडी-१ए इत्यादी. यांतील ‘जी’ हे गँग्लिओसाइडचे आद्याक्षर; ‘एम’ म्हणजे एक सियालिक अम्ल, ‘डी’ म्हणजे दोन. शेवटचा अंक मात्र रेणूची लांबी सांगत नाही. वर्णलेखनाच्या पटावर तो रेणू कोणत्या क्रमाने सरकतो हे सांगतो. परिणामी, जीएम-१मध्ये शर्करा अधिक आणि जीएम-३मध्ये कमी. वस्तूचे नाव वस्तूवरून न पडता मोजणाऱ्याच्या उपकरणावरून पडले. नवख्या विद्यार्थ्याचा येथे हमखास गोंधळ होतो, आणि त्यात दोष विद्यार्थ्याचा नाही.

याहून गंभीर प्रकार पर्यायी नावांचा. एकाच रेणूला रसायनज्ञ जीबी-३ म्हणतात, रक्तगटतज्ज्ञ पी-के प्रतिजन म्हणतात आणि प्रतिकारशास्त्रज्ञ सीडी-७७ म्हणतात. १८९८ साली योहानेस फाब्री आणि विल्यम अँडरसन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात हाच रेणू मूत्रपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्या यांत साचत जातो. शिगा-विष आतडे ओलांडून मूत्रपिंडाचा घात करते तेव्हा ते याच रेणूला धरून पेशीत शिरते. बर्किटच्या लसिकार्बुदात हाच रेणू पेशींवर विपुल असतो. कोशकाराच्या भाषेत बोलायचे तर ही एकाच अर्थाच्या तीन नोंदींची स्थिती आहे, आणि त्यांच्यात परस्परनिर्देश नाही. मूत्रपिंडाच्या दोन वेगळ्या दुखण्यांत एकच रेणू उभा आहे, हे ज्याला जीबी-३ एवढेच नाव ठाऊक आहे त्याला चटकन दिसते. तीन नावे घेऊन बसलेल्यांना उशिरा दिसते.

रूपकाची खरी परीक्षा उदाहरणांत होते. पहिले उदाहरण मुंबईचे आहे. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तवैशिष्ट्याची नोंद केली, ते पुढे ‘बाँबे रक्तगट’ या नावाने जगभर रूढ झाले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. या व्यक्तींचे रक्त वरवर ओ गटाचे दिसते. परंतु त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही.

कारण असे. रक्तपेशीवरील काही प्रथिनांच्या आणि काही ग्लायकोस्फिंगोलिपिडांच्या शर्करासाखळीच्या टोकाला एक फ्यूकोज जोडली गेली की एच प्रतिजन तयार होतो. ए गटाचे एंझाइम त्या एचवर एक शर्करा चढविते, बी गटाचे एंझाइम दुसरी. ओ गटात काहीच चढत नाही. एच तसाच राहतो. म्हणजे ज्याला आपण ओ म्हणून शून्यासारखे लिहितो ते शून्य नव्हे. ते अचिन्हित रूप आहे. बाँबे गटात फ्यूकोजच जोडली जात नाही, म्हणून एचच नाही. आणि एच नसल्याने ए किंवा बी एंझाइम हजर असूनही त्याला बसावयास जागा नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्यय सिद्ध आहे, पण प्रकृतीच उपलब्ध नाही. अशा व्यक्तीच्या अपत्यात, दुसऱ्या पालकाकडून एच मिळाल्यामुळे, सुप्त राहिलेला ए किंवा बी पुन्हा प्रकट होऊ शकतो. खरे शून्य कोणते आणि अचिन्हित रूप कोणते हा भेद आपल्या शास्त्रात बारकाईने चर्चिला गेला आहे; रक्तपेढीत तो जीवनमरणाचा ठरतो. बाँबे गटाच्या माणसाला रक्त लागले तर ते बाँबे गटाच्याच माणसाचे लागते, आणि भारतात असे लोक दहा हजारांत सुमारे एक एवढेच आहेत.

या उदाहरणात भाषेचे रूपक चांगले काम देते. परंतु ‘वर्णमाला’ किंवा ‘संकेत’ म्हणून नव्हे, तर व्याकरण म्हणून. आणखी एक गोष्ट नोंदवावी. एच नसलेली माणसे अन्यथा निरोगी असतात. याउलट गँग्लिओसाइडांच्या बांधणीतील जीएम-३ची पायरी जन्मतः नसली, तर बालकाला तीव्र अपस्मार होतो आणि त्याचा विकास खुंटतो. हे २००४ साली अमेरिकेतील आमिश समाजातील कुटुंबांत दिसून आले. दोन्ही ठिकाणी उणीव एकाच शर्करेच्या जोडणीची. अजित वारकी यांनी १९९३ साली शर्करासाखळ्यांच्या कार्याविषयीच्या आपल्या समीक्षालेखाला ‘सर्व उपपत्ती बरोबर आहेत’ अशा आशयाचे उपशीर्षक दिले. काहींना ते टाळाटाळीचे वाटेल. मला ते वाटत नाही. ‘क’ या वर्णाचे कार्य काय, असे विचारणाऱ्याला कोणता वैयाकरण एका वाक्यात उत्तर देईल?

मात्र काही विकारांत हे रूपक पूर्णपणे निरुपयोगी ठरते, आणि तेथे ते ओढूनताणून बसविण्याचा मोह लेखकांनी आवरला पाहिजे. वॉरेन टे यांनी १८८१ साली आणि बर्नार्ड साक्स यांनी १८८७ साली ज्या बालविकाराचे वर्णन केले, त्यात हेक्झोसअमिनिडेज-ए या एंझाइमाच्या अभावी जीएम-२ मेंदूच्या पेशींत साठत जातो. येथे काही चुकीचे वाचले जात नाही. जुने मोडून काढण्याची सोय नाही, इतकेच. हा प्रश्न भाषेचा नाही, केरकचऱ्याचा आहे. फिलिप गोशे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारातही तेच घडते. ग्लुकोसेरेब्रोसाइड महाभक्षी पेशींत साचून प्लीहा आणि यकृत फुगतात. १९९१पासून त्यावर एंझाइमाचे इंजेक्शन मिळू लागले. त्या एंझाइमाच्या शर्करासाखळ्यांची टोके छाटून मॅनोज उघडी केलेली असते, म्हणून महाभक्षी पेशी ते आत ओढून घेतात. शर्करा येथे पाकिटावरच्या पत्त्याचे काम करते. रोगाला लिपीची उपमा लागू नाही, पण उपचाराला लागू आहे, असा हा विचित्र योग आहे.

शेवटी ज्या विकाराने या चिकित्सेला निकड आणली तो. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या भागात गिलाँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कँपायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविण्यात आले. या जीवाणूच्या काही वाणांच्या आवरणावरील शर्करासाखळी चेतांवरील जीएम-१ किंवा जीडी-१ए यांच्या शेंड्याशी तंतोतंत जुळते. जीवाणूविरुद्ध निघालेले प्रतिपिंड मग चेतेवरही जाऊन बसतात आणि पायांपासून चढत जाणारा पक्षाघात होतो. या जुळणीला शास्त्रात ‘रेण्वीय नक्कल’ म्हणतात. ‘शरीर स्वतःलाच ओळखण्यात चूक करते’ असे तिचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते.

पण चूक कोणी केली? प्रतिपिंडाने जे धरावयाचे तेच धरले आहे. आपल्या अलंकारशास्त्रातील भ्रांतिमानाला दोन वस्तू पाहणारा आणि एकीला दुसरी समजणारा द्रष्टा लागतो. प्रतिपिंडाला शेंड्यापलीकडचे काही दिसतच नाही. जीवाणूच्या शर्करेचा बुंधा लिपिड-ए आहे, चेतेवरच्या शर्करेचा सेरामाइड. प्रत्यय तोच, प्रकृती वेगळी. तेव्हा ही भ्रांती नव्हे, हा अनेकार्थी शब्द आहे. ‘नक्कल’ या शब्दाला जीवाणूच्या बाजूने थोडा आधार आहे, कारण यजमानासारख्या शर्करा धारण केल्याने त्याला प्रतिकारयंत्रणेपासून लपता येते. ‘चूक’ या शब्दाला तेवढाही नाही.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कसा ठरतो, याचे उत्तर भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात दिलेले आहे. संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल अशी निर्णायक कारणांची यादीच त्याने केली. ‘सैंधव आण’ असे म्हटले असता भोजनाच्या वेळी मीठ आणावयाचे आणि प्रयाणाच्या वेळी घोडा. शर्करासंकेताच्या मांडणीत उणीव आहे ती नेमकी याच विचाराची, आणि प्रयोगशाळा मात्र आता त्याच दिशेने चालली आहे. २००४ साली जपानमधील काइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गिलाँ-बारेच्या काही रुग्णांत असे प्रतिपिंड आढळले की, जे जीडी-१ए आणि जीडी-१बी या दोहोंच्या जोडीला घट्ट धरतात, पण सुटे सुटे दिल्यास त्यांना फारसे ओळखत नाहीत. हे साहचर्य होय. पुढे २००९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, जीएम-१विरुद्धचे काही प्रतिपिंड चेतेवर जीएम-१ असूनही तेथे बसू शकत नाहीत, कारण शेजारचे जीडी-१ए त्याला झाकून ठेवते. हे झाकण दूर होताच ते बसतात. हे अन्य शब्दाचे सान्निध्य. कँपायलोबॅक्टरची लागण झालेल्या सुमारे हजारांत एकालाच हा विकार का होतो, या कोड्याचा एक भाग कदाचित अशा संदर्भांत दडलेला असेल. रेणूंची एकेकट्याने केलेली वर्णमाला ते कोडे सोडवू शकणार नाही.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. पेशीवरील ज्या रेणूला बाहेरचा पदार्थ चिकटतो त्याला आपण सरसकट ‘ग्राहक’ किंवा ‘ग्राही’ म्हणतो. इन्शुलिनच्या बाबतीत ते ठीक आहे. तेथे घेणाऱ्याचे कामच घेण्याचे आहे. परंतु पटकीच्या जीवाणूचे जे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिले, ते आतड्यातील जीएम-१ला चिकटते हे १९७०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले, आणि तेव्हापासून जीएम-१ला ‘पटकी-विषाचा ग्राहक’ म्हणण्याचा प्रघात पडला. आतड्याने जीएम-१ पटकीच्या स्वागतासाठी बाळगलेले नाही. अशा ठिकाणी ‘बंधस्थान’ हा शब्द वापरावा, आणि ‘ग्राहक’ ही संज्ञा जेथे घेणे हे त्या रेणूचे स्वतःचे कार्य आहे तेथेच राखून ठेवावी. ग्लायकोस्फिंगोलिपिड या शब्दाचे भाषांतर मात्र करू नये. ‘शर्करास्निग्ध’सारख्या जोडशब्दात स्फिंक्स हरवते, आणि टुडिखमने नोंदविलेली कोडी अजून पुरती सुटलेली नाहीत.